परवापर्यंतचा चार्ज

९ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं फोनशी वाकडं आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. हे पत्र वकिलातीच्या बॅगेतून आधी राजधानीत जाईल आणि तिथून साध्या टपालाने तुझ्याकडे येईल. पंधरा दिवस धर. तुझ्या वेळी महिना लागायचा, तेव्हा तक्रार चालणार नाही.

मला इथे येऊन चार महिने झाले. 'दुय्यम सचिव म्हणजे ज्याच्याकडे कोणाचंच नसलेलं काम येतं तो,' ही तुझी व्याख्या तंतोतंत खरी निघाली. आपली वकिलात इथे सुरू झाली त्याला यंदा साठ वर्षं होतात. त्यानिमित्त तिचा इतिहास पुस्तिकेच्या रूपाने काढायचा आहे आणि अर्थातच तो मी लिहायचा आहे. ऐंशी पानं, फोटोंसह, जुलैत छापून हवी.

जुन्या फायली वाचायला मजा येते आहे. पहिलं वर्षभर वकिलात एका हॉटेलच्या दोन खोल्यांत होती आणि व्हिसाचे शिक्के इस्त्रीच्या टेबलावर मारत, हे तुला ठाऊक होतं का? मग हे घर मिळालं. जिन्यात अकरा राजदूतांचे फोटो आहेत. त्यातले दुसरे असे बघतात की जणू फोटो काढणाऱ्याची बदली करणार आहेत.

चोविसाव्या वर्षापर्यंत सगळं सरळ आहे. मग इथला तो गोंधळ, गोळीबार, विमानतळ बंद. त्याबद्दल फाइलीत एकच वाक्य आहे: 'सर्व कर्मचारी परत बोलावले असता एकेचाळीस दिवस वकिलातीचे कामकाज एका कारकुनाने एकट्याने सुरू ठेवले.' पुढे तुला मिळालेल्या प्रशस्तिपत्राची नक्कल. मी ते वाचून खोलीत एकटीच हसले. जेवणं झाली की आम्ही पोरं 'मामा, एकेचाळीस दिवस!' म्हणून तुझ्या मागे लागायचो, तू पाय वर घेऊन बसायचास आणि मामी चहा टाकायला आत जायची. नोकरीच्या मुलाखतीत 'याच खात्यात का?' असं विचारलं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली होती. समोरच्या पाचपैकी तिघं पुढे सरकून ऐकायला लागले.

आता ती नीट लिहून पाठव. तारखा, माणसं, काय खाल्लंस, काय नाही, सगळं.

टेलिफोनच्या खोलीतली दोन्ही घड्याळं अजून चालू आहेत. एक इथलं, एक आपल्याकडचं, साडेचार तास पुढे. रोजचा अहवाल अजूनही आपल्याकडच्या वेळेनेच लिहायचा नियम आहे. आणि हो, फाटकाजवळच्या दोन खोल्यांत तुमच्या वेळच्या टेलिफोन ऑपरेटर अजून राहतात. इथल्याच आहेत, आता सत्तरीच्या. सगळे त्यांना हॅलोबाईच म्हणतात. मी तुझी भाची आहे असं कळल्यावर त्यांनी विचारलं, "घड्याळवाले साहेब बरे आहेत ना?"

मामीला नमस्कार.
तुझी,
ठमी


२५ जानेवारी, सकाळी ९.१०

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोळा दिवसांनी मिळालं. तुमची बॅग आमच्यापेक्षा जलद, एवढं मान्य.

लिहून घे. त्या मंगळवारी शेवटचं विमान जाणार होतं. राजदूत आणि बाकीचे पाच जण त्यात गेले. जाण्याआधी गुप्त संदेशांची पुस्तकं आम्ही गॅरेजमागे बादलीत जाळली. राख ढवळायला मी बागेतलं खुरपं वापरलं. एक जण मागे राहायला हवा होता. मी एकतीस वर्षांचा, कनिष्ठ, तब्येतीने धट्टाकट्टा. साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "झेंडा खाली येता कामा नये." मी म्हणालो, "येणार नाही."

तो आला नाही. रोज साडेबाराला वर, साडेदहाला खाली. हे आपल्याकडच्या घड्याळाने बरं का. इथल्या, म्हणजे तिथल्या, घड्याळाने सकाळचे आठ आणि संध्याकाळचे सहा. माझ्या मनगटावर चार वर्षं आपलीच वेळ होती. तुझी मामी अजून चिडवते की तिथून परत आल्यावरच मला वेळेवर भूक लागायला लागली.

फोन वाजला की उचलून सांगायचं, "वकिलात चालू आहे, बोला." लोखंडी कपाटात आपल्या एकोणीस विद्यार्थ्यांचे पासपोर्ट होते, मुदत वाढवायला दिलेले. सतराव्या दिवशी शिपायांची एक गाडी फाटकाशी आली. कपाट उघडा म्हणाले. त्यांच्या अधिकाऱ्याने विचारलं, "इथला प्रमुख कोण?" मी फाटकात उभा राहून सांगितलं, "मी." तो दोन मिनिटं बघत राहिला आणि गेला. एकोणीसच्या एकोणीस पोरं पुढे सुखरूप घरी पोहोचली. हे अवश्य लिही. माझ्याबद्दल कमी लिहिलंस तरी चालेल.

खाण्याचं म्हणशील तर डबाबंद वाटाणे. अजून पानात वाटाणे आले की मी बाजूला सारतो. एक मांजर होतं, ते मात्र खायचं.

हॅलोबाई भली बाई. गोंधळात ती तिच्या भावाकडे गेली होती. स्थानिक माणसं सगळीच गेली होती, त्यांना दोष नाही. तिला माझा नमस्कार सांग. फार खोदत बसू नकोस. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात.

तुझा,
मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

पत्र मिळालं. एका दमात वाचलं. पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली. आवाराची दुरुस्ती निघाली आहे. फाटकाजवळच्या खोल्या पाडून तिथे पहाऱ्याची चौकी करायची आहे. आमच्या प्रशासन अधिकाऱ्याने हॅलोबाईंना तीस जूनपर्यंत खोल्या रिकाम्या करायची नोटीस दिली. त्या ती नोटीस हातात घेऊन सरळ आल्या आणि म्हणाल्या, "हे घर एकोणचाळीस दिवस माझ्याकडे होतं. मला चार्ज दिला होता. सहीनिशी. या खोल्या पण त्यात लिहिलेल्या होत्या." अधिकारी हसला. म्हणाला, "आजी, राजदूत पण होता का तुम्ही?" त्या हसल्या नाहीत. "कागद घड्याळवाल्या साहेबांकडे आहे," म्हणाल्या. त्यांना दुसरं घर नाही, मामा. भाऊ कधीच गेला.

मला आधी वाटलं, वयामुळे गडबड होत असेल. दिवससुद्धा एकेचाळीसऐवजी एकोणचाळीस सांगताहेत.

म्हणून दुसरी गोष्ट. मी त्या दिवसांचे रोजचे अहवाल काढले. टाइप केलेले एकेचाळीस कागद, एकाच दोऱ्याने बांधलेले. पहिल्या दोन दिवशी झेंडा १२.३० ला वर, २२.३० ला खाली. तिसऱ्या दिवसापासून ८.०० ला वर आणि १८.०० ला खाली. असं एकोणचाळीस कागद. मग साहेब परतले त्या दिवसापासून पुन्हा १२.३०.

ज्याने चार वर्षं मनगटावरची वेळ बदलली नाही, त्याने त्याच दिवसांत ती का बदलली?

असा कागद आहे का? राजदूतांशी बोलले मी. ते म्हणाले, "कागद दाखव, मी वरती लिहितो. कागदाशिवाय माझे हात बांधलेले आहेत."

तुझी,
ठमी


१ मार्च, दुपारी ३.४०

चि. ठमीस,
आशीर्वाद.

आपल्याकडचं घड्याळ बंद पडलं होतं. तिसऱ्या दिवशी. घड्याळजी कुठून आणणार? म्हणून तिथल्या वेळेने लिहिलं. यात एवढं काय आहे? आयुष्यभर फायली हाताळल्या, पण आकड्यांवरून माणसाची उलटतपासणी करायची पद्धत आमच्या वेळी नव्हती.

खोल्यांबद्दल माझं ऐकायचं असेल तर, तिच्या नोकरीची वर्षं मोजून माणुसकीच्या नात्याने अर्ज करायला सांग. मी शिफारस लिहून देईन.

मला हल्ली जास्त वेळ लिहिता येत नाही. डोळे दुखतात.

मामा


२२ मार्च

ती. मामास,
सा. न.

माणुसकीचा अर्ज आधीच करून झाला होता. 'नियमात बसत नाही' अशा शेऱ्यासह चार दिवसांत परत आला. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की टपाल फार जलद चालतं.

घड्याळाचं म्हणशील, तर दर सोमवारी त्याला किल्ली देणारा सही करतो. ती वही पाहिली. त्या सहा आठवड्यांत सहाही सोमवारी सही आहे. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, हॅलोबाईंची.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं की ते दिवस मामा कुठे होता. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "त्यांना नको विचारूस. बिचारे फार घाबरले होते. आणि घाबरण्यासारखंच होतं सगळं."

मामा, यापुढे मी खोदणार नाही. पुस्तिकेत काय लिहायचं ते तू सांगशील तसं लिहीन. तुझं पत्र आलं नाही, तर फाइलीतलं जुनं वाक्य आहे तसं उतरवीन. पण तीस जून काही थांबणार नाही.

तुझी,
ठमी


१९ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, हे तुला माहीतच आहे. शाईचं पेन शोधण्यात अर्धा तास गेला. हे यांना न सांगता लिहिते आहे.

तुझं शेवटचं पत्र आल्यापासून ह्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून घेतली आहे. रोज उघडतात, बघतात, बंद करतात. पंधरा दिवस झाले. जेवताना धड बोलत नाहीत. काल पानात वाटाणे वाढले तर खाऊन टाकले. तेव्हा म्हटलं, प्रकरण गंभीर आहे.

तू काय विचारलंस ते मी विचारत नाही. पण तुला एक सांगते. त्या दिवसांत मला यांचं एकच पत्र आलं होतं. 'मी वकिलातीत सुखरूप आहे, काळजी करू नये.' पाकिटावरचा शिक्का मात्र त्या देशाचाच नव्हता, शेजारच्या देशातल्या कुठल्याशा सरहद्दीवरच्या गावाचा होता. हे वकिलातीत मोठे हुशार, पण टपालाचा शिक्का बायको वाचेल हे डोक्यात आलं नाही. मला काय, माणूस जिवंत आहे एवढं कळलं. वकिलातीत आहे का वडाच्या झाडावर, त्याने मला फरक पडत नव्हता.

परत आल्यावर ते एकेचाळीस दिवसांची गोष्ट सांगायला लागले. मला वाटलं, एकदा सांगतील. तुम्ही पोरं मागे लागायचात. मग मी आपली चहा टाकायला उठायची. छत्तीस वर्षांत किती चहा झाला असेल बघ.

काल रात्री जेवताना मी यांना म्हटलं, "तो शिक्का मी तेव्हाच वाचला होता हो." हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाले, "मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं का नाहीत?" आज सकाळपासून लिहायला बसलेत. दार लोटून घेतलंय.

तब्येतीला जप. फार वाळली असशील.
मामी


२ मे, सकाळी ७.२५

चि. ठमीस,
आशीर्वाद.

सोबत दोन कागद आहेत. एकच मजकूर, दोन प्रती. आधी हे पत्र वाच, मग ते.

पहिले दोन दिवस मी होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला. एक माणूस रस्त्यात पडला आणि तो कोणी उचलला नाही. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. सकाळी फाटकावर हॅलोबाई आली. होय, ती भावाकडे गेली नव्हती. ती रोजच्यासारखी कामावर आली होती, चालत, कारण बस बंद होत्या. मी तिला सांगितलं की गुप्त संदेशांची बॅग सरहद्दीपलीकडे पोहोचवून परवा येतो.

एक मालमोटार सरहद्दीकडे निघाली होती. अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी काय केलं असेल? टाइपरायटरपाशी बसलो आणि चार्ज रिपोर्ट तयार केला. ठमे, तू हसशील. पळून जाणारा माणूस होतो मी, पण चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हे अंगात इतकं मुरलेलं होतं की पळतानाही ते सुटलं नाही. खुर्च्या १४, पैकी १ डुगडुगती. टाइपरायटर ३. झेंडे २. शिक्के ७. घड्याळे २. पासपोर्ट १९. फाटकाजवळच्या खोल्या २. मांजर १. खाली 'चार्ज देणार' म्हणून माझी सही, 'चार्ज घेणार' म्हणून तिची. परक्या देशाच्या नागरिकाला वकिलातीचा चार्ज देता येत नाही. ते मला पाठ होतं. तरीही केलं.

ती म्हणाली, "साहेब, हे कशाला?"
मी म्हणालो, "पद्धत आहे."
"किती दिवसांचा चार्ज?"
"परवापर्यंत."

मी पलीकडे पोहोचलो आणि त्याच दिवशी सरहद्द बंद झाली. त्या गावात सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मी एकोणचाळीस दिवस काढले. डबाबंद वाटाणे तिथे खाल्ले. तुझ्या मामीला पत्र तिथून लिहिलं. खात्याला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मी तिथे का आहे ते सांगावं लागलं असतं.

रस्ता सुटला तेव्हा परत आलो. वाटभर ठरवत होतो की जळालेलं घर पाहिल्यावर काय सांगायचं. झेंडा वर होता. पायरी झाडलेली होती. ती टेलिफोनच्या खोलीत बसून कोणाला तरी सांगत होती, "वकिलात चालू आहे, बोला." फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाला का परवा?"

सतराव्या दिवशीचा प्रसंग तिचा आहे. शिपाई आले तेव्हा फाटकात ती उभी होती. अधिकाऱ्याने "प्रमुख कोण" विचारल्यावर तिने हा कागद दाखवला. त्याने तो उलटसुलट वाचला आणि मागच्या बाजूला आपला शिक्का मारून तारीख घातली, पाहिल्याची खूण म्हणून. पद्धत त्यांच्यातही असते. तिची प्रत उलटी करून बघ. तो शिक्का दिसला की मला अजून पाणी प्यावं लागतं.

रोजचे अहवालही तिचेच. आदल्या दिवशीचा कागद समोर ठेवून ती दुसऱ्या दिवशीचा टाइप करी. फक्त वेळ तिने तिच्या गावची घातली. तिने झेंडा आठ वाजता चढवला, म्हणून आठ लिहिले. मी ते एकोणचाळीस कागद पुन्हा टाइप करायला बसलो होतो. एक केला आणि फाडून टाकला. तेवढा मात्र खोटेपणा झाला नाही. बाकीचा झाला.

दुसऱ्याच दिवशी साहेब परतले. सगळं जागच्या जागी बघून त्यांनी माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या त्यांनी राजधानीला तार पाठवली. परवा तिकडून अभिनंदन आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळी आपली प्रत माझ्या टेबलावर ठेवून गेली. "तुमचा कागद तुमच्यापाशी असू दे." मी तो ठेवून घेतला.

आता वाक्य बदल. प्रशस्तिपत्र वेगळ्या पाकिटात पाठवतो आहे, ते खात्याला परत कर.

मामा

ता. क. बॅगेत काही नव्हतं. पुस्तकं तर पहिल्याच दिवशी जाळली होती, हे तुला मी जानेवारीतच लिहिलं होतं. तुझ्या लक्षात आलं असेलच. मी भ्यालो होतो, एवढंच कारण.


७ जून

ती. मामास,
सा. न.

दोन दिवस मला तुझा राग आला होता. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन राजदूतांकडे गेले. त्यांनी दोन्ही प्रती खिडकीपाशी नेऊन वाचल्या. 'मांजर १' पाशी थांबले. मग मागचा शिक्का पाहून म्हणाले, "बसा." आम्ही सगळं वरती लिहिलं, प्रतींसह. काल उत्तर आलं. मुद्द्यांनुसार सांगते, खात्याचा मान राखून.

पुस्तिकेतलं माझं वाक्य असं होतं: 'एकोणचाळीस दिवस वकिलातीचा चार्ज येथील टेलिफोन ऑपरेटर यांच्याकडे होता.' ते त्यांनी कापलं. त्याऐवजी 'या काळात कामकाज सुरू राहिले' असं घालायला सांगितलं आहे. कामकाज आपोआपच सुरू राहतं, गवतासारखं. पण फोटोंबद्दल ते काही बोललेले नाहीत. म्हणून एकतिसाव्या पानावर मी तुझा चार्ज रिपोर्ट दोन्ही बाजूंनी पूर्ण छापते आहे, वर-खाली काहीही न लिहिता. राजदूतांनी पान पाहिलं आणि फक्त "जरा मोठा छापा, वाचता आला पाहिजे," एवढं म्हणाले.

प्रशस्तिपत्र त्यांनी परत पाठवलं आहे. परत घेण्याचा नमुना उपलब्ध नाही म्हणतात. सोबत जोडते.

आता खोल्यांचं. वरच्या कोणा चोख माणसाने फाइल वाचून असा शेरा मारला आहे: चार्ज दिल्याचा कागद आहे, परत घेतल्याचा नाही. सबब यादीतील वस्तू व खोल्या कागदोपत्री अद्याप 'चार्ज घेणार' यांच्या ताब्यात दिसतात. 'चार्ज देणार' यांची परत घेतल्याची सही मिळवून प्रकरण नियमित करावे. तोवर यादीतील बाबींत बदल करू नये.

म्हणजे तुझी सही आली की चौकीचं काम सुरू. नमुना जोडला आहे. मी तुला काही सांगत नाही, नुसता पाठवते आहे. प्रशासन अधिकारी रोज विचारतो, "आली का तुमच्या मामांची सही?"

मी हे हॅलोबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती डुगडुगती खुर्ची अजून माझ्याकडेच?" अधिकारी त्यांना आता आजी म्हणत नाही, मॅडम म्हणतो. मी विचारलं, मामाला काही निरोप? त्या म्हणाल्या, "विचार, परवा झाला का."

मुलाखतीत मी सांगितलेली गोष्ट खरीच होती, मामा. माणूस दुसरा होता. माझ्या मनात आता दोघंही आहेत. गोष्ट तू पुन्हा सांगशील तेव्हा मला ऐकायची आहे, आणि मामीला चहाला उठू देऊ नकोस.

तुझी,
ठमी


२२ जून, सकाळचे आठ

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वर वेळ तुमच्याकडची घातली आहे. आमच्याकडे साडेबारा झालेत आणि तुझी मामी पानावर बोलावते आहे.

गोष्ट काल सांगून झाली. तुझ्या दोन्ही मावसभावांना आणि त्यांच्या पोरांना. मामी जागची हलली नाही. मध्ये दोन ठिकाणी मी बॅगेबद्दल पुटपुटलो, तर "खरं बोला" म्हणाली. थोरल्या पोराने विचारलं, "आजोबा, मग तुम्ही हिरो नव्हता?" मी म्हणालो, "नाही रे. मी चार्ज दिला." त्याला काही ते पटलं नाही. चहा शेवटी मीच टाकला.

नमुना मिळाला. नीट वाचला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर एक फाइल आठवड्याच्या वर कधी राहिली नाही, हे तू खात्यात कोणालाही विचार. पण यातली यादी मला तपासल्याशिवाय सही करता यायची नाही. खुर्च्या चौदाच आहेत का, कोणती डुगडुगते, शिक्के सात भरतात का, हे स्वतः मोजायला हवं. मांजराबद्दल तर मोठाच प्रश्न आहे. न पाहता सही करणं नियमात बसत नाही, असं तुझ्या अधिकाऱ्याला लेखी कळव. हे पत्र दाखवलंस तरी चालेल. आणि माझे गुडघे पाहता मला एवढा प्रवास सध्या जमण्यासारखा नाही, हेही कळव. डॉक्टरचा दाखला जोडला आहे.

नमुना मी पेटीत ठेवला आहे, कोरा.

हॅलोबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, परवा येतो.

तुझा,
मामा